प्रेक्षकाला तुमचे २६ फूट ठाऊक हवेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमची आठ भागांची मालिका २०७१ सालच्या बडोद्यात घडते. विश्वामित्री नदीचा पूर, वरच्या अंगाच्या आजवा तलावाचे दरवाजे आणि शहराखाली खोदलेले साठवणीचे बोगदे हे सगळे एक स्वयंचलित यंत्रणा सांभाळते. पूर्व आणि पश्चिम या दोन काठांपैकी एक काठ बुडू देण्याचा निर्णय त्या यंत्रणेने आधीच घेतलेला आहे आणि हे रहस्य तुम्ही आठव्या भागापर्यंत राखून ठेवले आहे. प्रत्येक भागात एक मोठी झुंज आहे, स्फोट आहेत, पाठलाग आहेत, आणि तरीही संहिता वाचणाऱ्या मित्रांनी ‘पुढे काय होईल याची हुरहुर लागत नाही’ असे सांगितले. म्हणून रहस्य आणखी खोल कसे दडवावे आणि कलाटण्या किती वाढवाव्यात, असे तुम्ही विचारता.

मी सत्तावीस वर्षे नाटके आणि श्राव्य मालिका लिहिते आहे, आणि त्यातली बरीचशी वर्षे बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका माडीवर तालमी घेण्यात गेली आहेत. त्या अनुभवावरून मला असे वाटते की तुम्ही आधीच गरजेपेक्षा जास्त दडवले आहे. तुमच्या प्रेक्षकाला घाबरण्यासाठी हाताशी काहीच मिळत नाही, ही खरी अडचण आहे. जे माहीत नाही त्याविषयी माणसाला कुतूहल वाटू शकते. पण जीव टांगणीला लागण्यासाठी येणाऱ्या संकटाचा आकार, त्याची दिशा आणि त्याला किती वेळ लागणार हे त्याला समजलेले असावे लागते.

आपल्या शहरात राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. जुलै-ऑगस्टमध्ये जोराचा पाऊस लागला की घराघरांत दोनच प्रश्न विचारले जातात: आजवा किती झाला, आणि काळा घोड्याला किती आहे? काळा घोड्याच्या पुलाशी नदीची धोक्याची पातळी २६ फूट आहे, हे शाळकरी मुलालाही पाठ असते. पातळी १९ असताना लोक चहा घेत गप्पा मारतात, २३ झाली की तळमजल्यावरची माणसे गाद्या वर चढवू लागतात, आणि २५ झाली की कोणी कोणाशी फारसे बोलत नाही. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस नदीने ३५ फुटांचीही पातळी ओलांडली, तेव्हा रात्री ज्यांनी जिन्याच्या पायऱ्या मोजत काढल्या, त्यांना उत्कंठेचे शास्त्र वेगळे शिकवायला नको. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. शहरातला पाऊस थांबतो, आभाळ मोकळे होते, ऊनही पडते, आणि नदी मात्र चढतच राहते. कारण पावागढाच्या बाजूने उतरलेले आणि आजव्यातून सुटलेले पाणी शहरात पोहोचायला काही तास लागतात. ऊन पडलेले आहे, मुले गच्चीवर खेळत आहेत, आणि आकडा वाढतो आहे. या दृश्यात कोणी कोणाला मारत नाही, काही फुटत नाही, कसलेही रहस्य नाही. तरीही पाहणाऱ्याला जागचे हलता येत नाही, कारण त्याला २६ हा आकडा आधीपासून ठाऊक आहे.

विज्ञानकथेची खास अडचण नेमकी इथे आहे. साध्या कौटुंबिक नाटकात काय शक्य आहे आणि काय नाही, हे प्रेक्षक घरूनच शिकून आलेला असतो. विज्ञानकथेत मात्र लेखक जे सांगेल ते शक्य असते, आणि सगळेच शक्य असले की कशाचीच भीती उरत नाही. तुमच्या सारांशात नायिकेचे यांत्रिक कवच काय काय करू शकते याची आठ-दहा वाक्ये आहेत. ते काय करू शकत नाही याचे एकही वाक्य मला सापडले नाही. त्यामुळे ती बोगद्यात अडकली की वाचणारा निश्चिंत राहतो, कारण कवचातून आणखी एखादी शक्ती निघेलच असे तो गृहीत धरतो. कवचाची ताकद कमी करा असे माझे म्हणणे नाही. त्याची हद्द ठरवा, ती हद्द पहिल्या-दुसऱ्या भागातच दाखवा, आणि शेवटपर्यंत एका मिनिटानेही तिच्यात सूट देऊ नका. कवच एका भारणीवर नऊ मिनिटे चालत असेल, तर आठव्या भागात ते ‘इच्छाशक्तीच्या जोरावर’ अकरा मिनिटे चालता कामा नये. तसे झाले, तर त्या एका दृश्यासाठी तुम्ही आधीच्या सात भागांतली सगळी धास्ती खर्चून टाकाल.

हद्द दाखवायची कशी, हा कौशल्याचा भाग आहे. पात्रांनी एकमेकांना नियम समजावून सांगणे हा सगळ्यात दुबळा मार्ग आहे, कारण ऐकलेला नियम प्रेक्षक विसरतो आणि पाहिलेला लक्षात ठेवतो. मी स्वतः एक पद्धत पाळते: प्रत्येक महत्त्वाचा नियम आधी एकदा बिनधोक प्रसंगात घडवून दाखवते, आणि पुढे तोच नियम जिवावर बेतणाऱ्या प्रसंगात परत आणते. तुमच्या कथेत पाणी आहे, म्हणून पाण्याचेच उदाहरण घेते. एक मीटर रुंदीच्या दाराच्या एका बाजूला अर्धा मीटर पाणी साचले आणि दुसरी बाजू कोरडी असली, तर त्या दारावर सुमारे १२५ किलो वजनाइतका भार येतो. पाणी दीड मीटर झाले की तोच भार १,१०० किलोच्या वर जातो. पाणी तिप्पट वाढले तर भार नऊपट होतो, कारण खोलीबरोबर दाबही वाढतो आणि दाब सोसणारा दाराचा भागही वाढतो. मात्र दाराच्या दोन्ही बाजूंना पाणी सारख्याच उंचीला आले, तर हा भार उरत नाही आणि दार सहज उघडते.

आता यातून काय करता येते ते पाहा. दुसऱ्या भागात तुमची नायिका एखाद्या सोसायटीच्या तळघरातल्या वाहनतळाची पाहणी करते आहे. दारापलीकडे गुडघाभर पाणी साचले आहे, दार ढकलले जात नाही, रखवालदार वैतागतो. ती त्याला थांबायला सांगते, बाजूची झडप उघडून अलीकडे पाणी येऊ देते, आणि दोन्हीकडची पातळी जुळली की एका हाताने दार लोटते. प्रसंग दीड मिनिटाचा आणि जवळजवळ घरगुती आहे. त्यात कोणताही धोका नाही. सहाव्या भागात ती एका कोरड्या कक्षात कोंडली गेली आहे, दारापलीकडे छातीच्या वर पाणी आहे, आणि कवचाची शेवटची तीन मिनिटे शिल्लक आहेत. बाहेर पडण्याचा एकच मार्ग आहे: कक्षात पाणी भरू देणे. तिने झडपेकडे नुसते पाहिले, तरी प्रेक्षक मनात म्हणेल, ‘नको, आणि तरी तेच करावे लागणार.’ कोणी काही समजावून सांगण्याची गरज नाही. पाणी कमरेला येते, दार हलत नाही. छातीला येते, तरी हलत नाही. आणि बाहेरची पातळी किती आहे हे तिला दिसत नाही. प्रेक्षक स्वतः हिशेब मांडू लागला की तुमचे काम झाले. मी उत्कंठेची कसोटी अशीच लावते: त्या क्षणी पाहणारा मनातल्या मनात काही मोजतो आहे का?

इथे कोणी म्हणेल की आकडे दाखवले की भावना मरते. २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आठवा. चंद्रयान-३ उतरत असताना या देशातल्या कोट्यवधी लोकांनी काय पाहिले? एक आलेख, त्यावर सरकणारा एक ठिपका, आणि उंची व वेगाचे बदलते आकडे. यान ३० किलोमीटर उंचीवरून निघाले तेव्हा त्याचा आडवा वेग सेकंदाला सुमारे १.६८ किलोमीटर होता, आणि साधारण १९ मिनिटांत तो शून्यावर आणायचा होता. उतरण्याचे सगळे निर्णय यान स्वतः घेत होते. नियंत्रण कक्षातल्या शास्त्रज्ञांना त्या मिनिटांत पाहत राहण्यापलीकडे फारसे काही करता येत नव्हते. आणि आपल्या सगळ्यांना २०१९ ठाऊक होते. सप्टेंबर २०१९ मध्ये चंद्रयान-२ चे अवतरण २.१ किलोमीटर उंचीपर्यंत ठीक चालले होते आणि त्यानंतर संपर्क तुटला होता. म्हणून २०२३ मध्ये आकडा दोन किलोमीटरच्या आसपास आला, तेव्हा आमच्या घरात सगळे एकदम गप्प झाले. त्या शांततेला कोणत्याही पार्श्वसंगीताची गरज नव्हती. कारणे तीन होती: कुठे बिघडू शकते हे माहीत होते, आपल्या हातात काही नव्हते, आणि वेळ एकाच दिशेने सरकत होता. तुमच्या आठही भागांत मिळून असा एक तरी प्रसंग आहे का, हे स्वतःला विचारा.

हातात काही नसणे हा भाग तुम्ही अधिक वापरावा असे मला वाटते, कारण विज्ञान तो तुम्हाला फुकट देते. मंगळावरून निघालेला संदेश पृथ्वीवर पोहोचायला, दोन्ही ग्रह कुठे आहेत त्यानुसार, साधारण ३ ते २२ मिनिटे लागतात. तिथून आलेली हाक ऐकू येते तेव्हा ती मारणारा माणूस जिवंत आहे की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. तुमची कथा मंगळावर नाही. पण पावागढापासून काळा घोड्यापर्यंत येणाऱ्या पाण्याचा विलंब हा त्याच जातीचा आहे. यंत्रणेने पहाटे चारला दरवाजे उघडले आणि शहराला ते दुपारी कळले, तर मधल्या तासांत घडणारे प्रत्येक साधे दृश्य, भाजी घेणारी बाई, शाळेची रिक्षा, सयाजीबागेत फिरणारे आजोबा, सगळी दृश्ये जड होतात. मात्र यासाठी दरवाजे उघडल्याचे प्रेक्षकाला पहाटे चारलाच कळले पाहिजे.

आता झुंजीच्या प्रसंगांविषयी. मारामारीने ताण वाढतो असा समज आहे. माझा अनुभव असा की मारामारी बहुतेक वेळा ताण सोडवते, कारण तेवढ्या वेळात कथा थांबते आणि प्रेक्षक आराम करतो. नायिका जिंकणार हे त्याला माहीत असते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक एकांकिका लिहिली होती. जमिनीखालच्या प्रयोगशाळेत चार माणसे कोंडलेली आहेत आणि प्राणवायू संपत चालला आहे. पहिल्या संहितेत किती प्राणवायू उरला आहे हे मी शेवटपर्यंत लपवले होते आणि मध्यावर दोघांची जोरदार हातापायी ठेवली होती. तालमीला बसलेले लोक हातापायीच्या वेळी घड्याळे पाहत होते, आणि मला ते फार लागले. दुसऱ्या दिवशी आम्ही रंगमंचाच्या मागच्या भिंतीवर एक काळा फळा टांगला. एक मुलगा दर काही मिनिटांनी विंगेतून येई, आकडा पुसून नवा आकडा लिही आणि निघून जाई. पात्रे त्याच्याकडे पाहत नसत. शिवाय एक नियम पहिल्याच प्रवेशात दाखवला: धावपळ केली की आकडा भरभर उतरतो. हातापायीतला एकही संवाद किंवा हालचाल मी बदलली नाही. पण आता ते दोघे एकमेकांची कॉलर धरत तेव्हा प्रेक्षकांतून ‘अरे, नको’ असा आवाज येई, कारण प्रत्येक ठोशाबरोबर चौघांचाही श्वास खर्च होत होता.

म्हणून तुमच्या प्रत्येक झुंजीला मी एकच प्रश्न विचारीन: या झुंजीमुळे कोणता आकडा बदलला? कवचाची मिनिटे, बोगद्यातली पातळी, दार बंद व्हायला उरलेला वेळ, यांपैकी काहीच बदलले नसेल, तर ती झुंज कितीही देखणी असली तरी काढा किंवा दुसरीकडे न्या. नायिका जिंकेल का, या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांना माहीत असते. वेळेत जिंकेल का आणि जिंकताना काय गमावेल, याचे उत्तर कोणालाच माहीत नसते. याबरोबरच जागेची ओळख आधी करून द्या. दार कोणत्या बाजूला, शिडी कुठे, पाणी कुठून येणार, हे शांत प्रसंगात एकदा दिसलेले असले तर गोंधळाच्या क्षणी प्रेक्षक नायिकेच्या आधी शिडीकडे पाहतो. ते न केल्यास पडद्यावर फक्त हात-पाय आणि ठिणग्या दिसतात.

मग रहस्याचे काय करायचे? यंत्रणेने एक काठ सोडून दिला आहे, ही गोष्ट मी तिसऱ्या भागाच्या शेवटी प्रेक्षकाला सांगून टाकीन, आणि नायिकेला मात्र पाचव्या भागापर्यंत कळू देणार नाही. मधल्या दीड-दोन भागांत ती त्याच यंत्रणेवर विश्वास ठेवून लोकांना सुरक्षित जागी हलवते आहे. समजा, ती अलकापुरीतली माणसे पूल ओलांडून मांडवीच्या बाजूला पाठवते आहे आणि यंत्रणेने बुडवायला निवडलेला काठ तोच आहे. तिची प्रत्येक चांगली कृती प्रेक्षकाला यातना देईल. आठव्या भागात एका वाक्यात मिळणारा धक्का काही सेकंद टिकतो; इथे तोच ऐवज दोन तास पुरतो. पाठीमागे राखून ठेवायला तुमच्याकडे आणखी मोलाची गोष्ट आहेच: एका काठाची किंमत दुसऱ्यापेक्षा कमी, हे त्या यंत्राला कोणी शिकवले, आणि ते शिकवणाऱ्याने कोणत्या आकडेवारीवर बोट ठेवले? हे खरे रहस्य आहे, कारण त्याचे उत्तर यंत्रात नसून माणसात आहे. ते आठव्या भागापर्यंत खुशाल राखा.

हे सगळे सरसकट लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. तुमची मालिका मुळात शोधकथा असती, एखाद्या गुन्ह्याचा माग काढणारी, तर प्रेक्षकाला नायिकेच्या बरोबरीने किंवा थोडे मागे ठेवणेच योग्य ठरले असते. भाग एकदम पाहिले जाणार की आठवड्याला एक, यावरही फरक पडतो. आठवड्याचे अंतर असेल तर नियमांची आठवण प्रत्येक भागात कृतीतून पुन्हा करून द्यावी लागते. माध्यम बदलले तर साधन बदलते. श्राव्य मालिकेत मला फळा टांगता येत नाही, म्हणून मी पंपाचा आवाज वापरते: पाणी खाली असताना एक सूर, पाणी चढले की वेगळा, आणि पंप बंद पडला की शांतता. पहिल्या भागात ऐकणाऱ्याला त्या सुरांची सवय लावली, तर चौथ्या भागात नुसता सूर बदलून काम होते.

विसाव्याचाही विचार करा, कारण सतत ताणलेली तार बोथट वाजते. तुमच्या संहितेत श्वास घ्यायला जागा नाही. पूर म्हटला की आपल्याकडे शेजारी दोरीला डबा बांधून वरच्या मजल्यावरून खिचडी खाली सोडतात, ‘काकू, तुमच्याकडे लाइट आहे का?’ असे गच्चीवरून विचारतात, मेणबत्तीच्या उजेडात पत्ते खेळतात. असे एखादे दृश्य प्रत्येक भागात येऊ द्या. त्यात माणसे प्रेक्षकाची होतात, आणि जी माणसे आपली झाली नाहीत त्यांच्या गळ्याशी पाणी आले तरी आपण हिशेब करीत बसत नाही. आकडा आणि माणूस ही जोडी आहे. यातले एक नसेल तर दुसरे काम करीत नाही.

मगरींविषयी तुम्ही वेगळे विचारले आहे. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या भागात मगर येते, आणि दर वेळी ती झडप घालते. ती एकदाच ठेवा, आणि पाणी ओसरल्यावर ठेवा. आपल्याकडे पुरानंतरची भीती वेगळी असते: पाणी उतरते, चिखल उरतो, लोक घर धुवायला परत येतात, आणि जिन्याखाली किंवा अंगणात मगर असू शकते, कारण ती खरोखरच अशी सापडते आणि वनखात्याच्या माणसांना बोलवावे लागते. सातव्या भागात पातळी उतरू लागली की प्रेक्षक सैल होईल. तेव्हा नायिकेच्या आईला घरी परतू द्या, हातात खराटा द्या, आणि जिन्याखालच्या अंधाराकडे कॅमेरा थोडा जास्त वेळ थांबू द्या. मगर दाखवावी की नाही, हे मी चित्रीकरण पाहूनच ठरवीन.

पुनर्लेखन कुठून सुरू करावे, हेही तुम्ही विचारले होते. आठव्या भागाला सध्या हात लावू नका. एक कोरा कागद घ्या आणि कवच, बोगदा आणि यंत्रणा या तिन्हींपुढे त्यांना काय जमत नाही ते एकेका वाक्यात लिहा. तीन वाक्ये पुरेत. मग तीच वाक्ये पहिल्या दोन भागांत कुठे कृतीतून दिसतात ते शोधा, आणि दिसत नसतील तिथे एकेक बिनधोक प्रसंग लिहा. त्यानंतर तिसऱ्या भागाचा शेवट बदलून पहिले तीन भाग त्याच मित्रांना पुन्हा वाचायला द्या. चौथा भाग त्यांच्याकडे पाठवू नका. त्यांनी तो तुमच्याकडे मागितला, तर पाचव्या भागाकडे वळा. मागितला नाही, तर मला पहिले दोन भाग पाठवा, आपण दाराचा प्रसंग एकत्र लिहून पाहू.